बिछायतवाले मामा

आमच्या करडी गावच्या घराच्या अंगणात ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, पाणी मागितलं नाही, नावही सांगितलं नाही. मालवाहू ऑटोतून एक नवी गादी काढली, डोक्यावर घेऊन फाटकातून आत आले, सारवलेल्या अंगणात ती अंथरली आणि चपला काढून सरळ तिच्यावर आडवे झाले. डोळे मिटले. मी आणि माझे यजमान ओसरीवर उभे राहून बघतोय. शेजारची बाई कुंपणावरून बघतेय. ते या कुशीवरून त्या कुशीवर वळले, मग पोटावर झोपून पाहिलं, मग उठून बसले.

"जमते. कापूस कुठंच गोळा होऊन नाही राहिला," ते म्हणाले. "आता भाची कुठं आहे ते सांगा."

भाची म्हणजे आमच्याकडे नुकतीच आलेली आठ वर्षांची पोरगी. ज्या लेकरांना काही काळ स्वतःच्या घरात राहता येत नाही, त्यांना सरकार दुसऱ्या घरी सांभाळायला देतं, हे मला अंगणवाडीच्या बाईंकडून कळलं होतं. आमचा मुलगा पुण्याला नोकरीला. घरात दोन खोल्या, दोन माणसं, आणि संध्याकाळ झाली की धानाच्या कोठीसारखी गच्च शांतता. आम्ही अर्ज केला. साहेब-मॅडम येऊन घर बघून गेले, चार प्रश्न विचारून गेले, आणि एक दिवस ती आली. हातात पॉलिथिनची एक पिशवी. त्यात एक फ्रॉक आणि एक कंगवा. तिचा बाप गोसीखुर्दच्या धरणात मासे धरायला गेला आणि परत आला नाही. त्यानंतर आईनं खाणं सोडलं, बोलणं सोडलं, पोरीकडे बघणंही सोडलं. तिला नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं.

आल्यापासून पोरगी कोठीच्या मागे बसायची. तिथंच ताट सरकवायचं, तिथूनच उचलायचं.

ते गुडघ्यांवर सरकत कोठीपर्यंत गेले. जवळ गेल्यावर त्यांनी जमिनीला डोकं लावलं. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मामा सत्तर वर्षांचा असो, भाचा पाळण्यात असो, मामानंच वाकायचं. पोरीनं पाय फ्रॉकखाली ओढून घेतले.

"अवो भाचीबाई, मामाले पाय नाही देत का? बरं. मले काही घाई नाही."

आणि ते बसून राहिले. मी चहा केला, तो तिथंच प्यायले. यजमान शेतावर धानाच्या बांधीत जाऊन पाणी बघून परत आले तरी हे बसलेलेच. शेवटी कोठीमागून एक पाय बाहेर आला. एकच.

त्यांनी त्या पायाला हात लावून कपाळाला लावला, खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा आणि पेन्सिल काढली आणि पायाभोवती रेघ ओढून घेतली. "दुसरा मंग देजो," ते म्हणाले. "डाव्यावरून उजवा समजते मले."

जाताना तिला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "भाचीची माय नागपूरले आहे, बरी होऊन राहिली. तवरी तुम्ही हिच्या मोठीमाय." मला ते थोडं लागलं. मोठीमाय म्हणजे आईची थोरली बहीण. मी मनातल्या मनात 'आई' हा शब्द किती दिवस घोळवत होते, आणि हा कोण कुठला गादीवाला येऊन नातं ठरवून गेला. पण पोरीनं तो शब्द धरला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोठीमागून हाक आली, "मोठीमाय, पाणी." मग मी कशाला काय म्हणते.

तुमसरला त्यांचं बिछायत केंद्र होतं. लग्न, तेरवी, मंडईच्या जत्रेतलं नाटक, कशालाही मांडव, गाद्या, कढया, खुर्च्या किरायानं द्यायचे. शेकडो खुर्च्यांचा मालक, पण मी त्यांना खुर्चीवर बसलेलं कधी पाहिलं नाही. कुठंही गेले तरी जमिनीवर. कोणी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "खुर्ची गिऱ्हाइकाची." सदऱ्याच्या खिशात हातोडी असायची, तिच्या वजनानं सदरा एका बाजूला ओघळलेला. बोलताना तोंडात खिळे असायचे, म्हणून अर्धं बोलणं समोरच्याला समजून घ्यावं लागे. आणि आवाज एवढा मोठा, की फोनवर बोलायला लागले की माझे यजमान म्हणायचे, "यांले फोन कायले पाहिजे?"

जिल्ह्यात आमच्यासारख्या घरी कुठं नवं लेकरू आलं की यांना कसं कळायचं देव जाणे. बालकल्याण समितीच्या मॅडम म्हणायच्या, आम्ही सांगायच्या आधी ते दारात हजर असतात. हे सगळं का करता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मी मामा आहे म्हणून." आमच्या यजमानांनी विचारलं तर म्हणाले, "त्या बहाण्यानं नव्या गादीवर पडाले भेटते." शाळेतल्या मास्तरांना म्हणे सांगितलं, बायको घरात बसू देत नाही म्हणून. खरं काय ते कोणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही पुढे विचारायचं सोडलं.

गाद्या त्यांच्या स्वतःच्या. बाकीचं सगळं ते बाजारातून आणायचे. त्यांचा तो बाजार एकदा मी डोळ्यांनी पाहिला. अस्तराचं कापड घ्यायला तुमसरला गेले होते. बघते तर कापडाच्या मोठ्या दुकानाच्या पायरीवर हे मांडी घालून बसलेले. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून आत जातायत. हातात एक विटका फ्रॉक.

"शेठ, हा फ्राक तुमच्या बहिणीच्या पोरीच्या अंगावर कसा दिसन?"

"अरे बाबा, जुना माल आहे. दानासाठी म्हणून काढला तुझ्यासाठी."

"दान मंदिरात द्या जी. मी भाचीसाठी आलो."

"सकाळपासून गिऱ्हाईक तुला पाहून परत जाऊन राहिले."

"मंग मले लवकर मोकळं करा ना."

शेवटी शेठजींनी काचेच्या कपाटातून पिवळा फ्रॉक काढला. यांनी तो उलटा करून शिवण तपासली, मान हलवली आणि उठता उठता म्हणाले, "यावर शोभन अशी रिबन कुठं आहे?" शेठजी हसले. रिबन दिली. पुढच्या खेपेला त्यांनी जुना माल दाखवलाच नाही. चपलांच्या दुकानदाराला तर सवयच झाली होती. वर्तमानपत्रावरची पावलं काउंटरवर पसरली की तो निमूट डबे उघडायचा. भांड्यांच्या दुकानातून स्टीलचं ताट, वाटी, पेला यायचा, आणि त्यावर नाव घालायचं ते लेकराचं. दुकानाचं नाव घालू म्हणणाऱ्याला हे विचारत, "तुम्ही जेवता का त्यात?"

आमच्या पोरीचं ताट आलं तेव्हा तिनं त्यावरच्या टिंबाटिंबांच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, वाचलं, आणि त्या दिवशी कोठीमागून बाहेर येऊन चुलीजवळ जेवायला बसली. दोनदा भात मागितला.

मग ती सभागृहातली गोष्ट. तुमसरच्या व्यापाऱ्यांनी एक मोठा कार्यक्रम ठेवला होता. दप्तरं, ब्लँकेट, बूट, छत्र्या. पुढाकार एका राईस मिलवाल्यांचा, सगळ्यात जास्त सामान त्यांचंच. आम्हाला आणि आणखी काही घरांना पोरांसकट बोलावलं होतं. स्टेजवर मोठा बॅनर: 'गरजू व अनाथ बालकांना साहित्य वाटप.' वर मिलवाल्यांचा फोटो. पाहुण्यांचं भाषण चालू झालं. आमची पोरगी तेव्हा चौथीत, दिसेल ते वाचायचं वय. तिनं बॅनर वाचला आणि मला विचारलं, "मोठीमाय, अनाथ म्हणजे?"

मी म्हटलं, "नंतर सांगते."

पलीकडचा एक पोरगा म्हणाला, "मायबाप मेले ते."

"माही माय तं आहे," ती म्हणाली. हळू म्हणाली, पण भाषण करणारे नेमके श्वास घ्यायला थांबले होते. सगळ्यांना ऐकू गेलं.

स्टेजवरचा मांडव अर्थातच बिछायतवाल्यांचाच होता. ते मागे शिडीजवळ उभे होते. मी बघतेय तोवर शिडी उचलून स्टेजवर आले, पाहुण्यांच्या मागे लावली, वर चढले आणि हातोडीच्या मागच्या बाजूनं खिळे उपसायला लागले. पाहुण्यांनी भाषण थांबवलं. मिलवाले उठले.

"काय करून राहिलास? खाली उतर!"

"उतरतो जी. हे घेऊन उतरतो." तोंडात खिळे होतेच. "वाटप लिवलं तुम्ही. प्रसाद होय का वाटाले? अन् पोट्टीची माय जित्ती आहे. जित्त्या बाईले तुम्ही बॅनरवर मारलं."

मिलवाल्यांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "असं असेल तर घेऊन जा तुझा मांडव. सामान माझं आहे, मी देत नाही." आमच्या सोबतच्या बायका घाबरल्या. थंडी तोंडावर आलेली, काही जणी लांबून, सिहोऱ्याच्या पलीकडून आल्या होत्या. त्या माझ्याकडे बघायला लागल्या, जणू तो माणूस माझाच होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मिलवाल्यांची म्हातारी आई उठली. पांढरं लुगडं, हातात काठी. मुलाचा सत्कार बघायला आली होती. ती स्टेजच्या पायऱ्यांशी जाऊन म्हणाली, "बापू, तुह्या मामानं तुले उभ्यानं कधी काही देल्लं का रे? तू एवढासा होतास तवा तुह्या पाया पडून देत होता तो. इसरला का?"

मिलवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली उतरले, पहिल्या लेकराजवळ गेले आणि वाकले. पोट बरंच होतं, वाकताना त्रास झाला. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला, तर हे शिडीवरून ओरडले, "काढ, काढ! असाच काढ!" लोक हसले, मिलवालेही हसले. त्या दिवशी सगळ्या व्यापाऱ्यांनी वाकून सामान दिलं. घरी येताना आमची पोरगी म्हणाली, "मले किती मामा झाले आज." मग जरा थांबून म्हणाली, "पण खरा बिछायतवालाच."

भाऊबीज हा त्यांच्या धंद्याचा गर्दीचा दिवस. त्या दिवसापासून गावोगाव मंडई भरते, नाटकांना स्टेज लागतात. तरी ते यायचे. मला भाऊ नाही. पहिल्या वर्षी ते दारात उभे राहून म्हणाले, "बाई, लवकर ओवाळा, तिकडं पडदा टांगाचा आहे." मी गोंधळले. ओवाळणीत त्यांनी मला पत्र्याचा सुपडा दिला, वरून म्हणाले, "साडी तं कोणीही देते." त्या सुपड्यानं मी अजून धान पाखडते.

दोन वर्षांहून थोडे जास्त दिवस झाले होते. एक दिवस समितीच्या मॅडमांचा फोन आला, आई आता बरी आहे, गोळ्या नियमित घेते, मुलीला परत न्यायला तयार आहे. मी फोन ठेवला आणि परसात जाऊन बसले. मला राग कशाचा आला तेही सांगता येत नव्हतं. मनात एकच यायचं, ती परत आजारी पडली तर? पोरगी परत कोठीमागे बसली तर? ती कोठी तरी असेल का त्या घरात?

मी त्यांना बोलावून घेतलं. म्हटलं, "भाऊ, तुमचं ऐकतात सगळे. समितीपुढे बोला. पोर इथं रुळली आहे. शाळेत पहिली येते. आणखी काही वर्षं राहू द्या म्हणावं."

ते अंगणात जमिनीवर बसले होते. सदऱ्याच्या खिशातली हातोडी काढून त्यांनी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बाई, मी दर महिन्याले नागपूरले जातो."

"कशाला?"

"भाचीच्या मायले भेटाले."

मला समजेना. दोन वर्षं हा माणूस माझ्या घरी येतो आणि हे कधी बोलला नाही?

"भाची झाली म्हणजे तिची माय बहीण झालीच ना?" ते म्हणाले. "आधी ओळखे नाही मले. भिंतीकडं पाहे. मी तिले सांगो, आज भाचीनं एक पाय देल्ला. आज दोनदा भात घेतला. मंग एक दिवशी तिनंच विचारलं, केस वाढवले का तिनं? तवापासून दर खेपेले नवीन विचारते. मले उत्तर पाहिजे म्हणून मी तुमच्याइथं यवढा येत होतो."

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी येत नव्हता," मी म्हणाले. "तुम्ही तिचे भाऊ."

"दोघींचा आहे. म्हणून तं झोप नाही लागून राहिली."

"दोघींचा होता येत नाही. एकीच्या बाजूनं बोलावं लागेल."

ते उठले. खांद्यावरचा दुपट्टा झटकला. "मंग लेकराच्या बाजूनं बोलतो," म्हणाले, आणि गेले. मी फाटक लावून घेतलं. पोरगी शाळेतून आल्यावर मी तिला पोटाशी धरलं, ती म्हणाली, "मोठीमाय, दुखते ना."

समितीनं पोरीला आईकडे पाठवायचं ठरवलं. जायच्या दिवशी ते सकाळीच ऑटो घेऊन आले. मी त्यांच्याशी बोलले नाही. पोरीचं सामान आवरून ओसरीवर ठेवलं होतं, गादीसकट. त्यांनी त्यातल्या कशालाही हात लावला नाही. ऑटोत पाहिलं तर नवी गादी, नवं ताट, नवी बादली, सगळं परत एकदा.

"हे इथलं इथंच राहू द्या," ते म्हणाले. "सुट्टीत आली का लागन ना."

मी जाणार नव्हते. पोरगी पुढे बसली आणि म्हणाली, "मोठीमाय, चल ना, मले रस्ता नाही समजत." तिला रस्ता समजायची गरज नव्हती. मी मागे गादीला टेकून बसले.

धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं गाव. सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, अजून मोठी न झालेली झाडं. एका दारात बारीकशी बाई उभी होती. पोरगी उतरली आणि ऑटोलाच धरून राहिली. ती बाईही पुढे आली नाही. दोघी एकमेकींकडे बघतायत आणि कोणी हलत नाही. मग ते एकदम ओरडले, "कोणं बांधलं हे दार? गादी जाते का यातून? बाई, तुम्ही तिकडून धरा. अन् तू इकडून धर व. घडी करून आडवी घ्या. मी मधात नाही येत."

आम्ही दोघींनी गादी धरली. दार तसं रुंद होतं. अर्ध्यात पोहोचल्यावर तिनं गादीच्या पलीकडून मला विचारलं, "ताई, ती भेंडी खाते का आता? आधी खात नव्हती."

"खाते," मी म्हटलं. "चिंच घातली की खाते."

"मले शिकवून द्या."

त्या दुपारी तिच्या चुलीवर मी भेंडी केली. ती शेजारी बसून बघत होती, आणि पोरगी हळूहळू सरकत आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसली. ते बाहेर ओट्यावर जेवले. मी वाढायला गेले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाले, "मीठ बरोबर आहे, बाई." मी आणखी एक पळी वाढली. आमचं भांडण तिथंच मिटलं.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. पोरगी सुट्टीत यायची. आई एकदा पुन्हा आजारी पडलीही, तेव्हा पोरीनंच मला फोन केला आणि मी जाऊन महिनाभर राहिले. भाऊबीजेला ते सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे ओवाळून घ्यायचे. मधल्या रस्त्यात कुठंतरी मंडईचा स्टेज उभारायचे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. गोदामात, गाद्यांच्या थप्पीला टेकून बसले होते, दुपारची वेळ होती, कामावरच्या माणसांना वाटलं डोळा लागला. आता त्यांचा मुलगा बिछायतीपेक्षा डीजे जास्त चालवतो. व्यापारी अजून सामान देतात, खोटं कशाला बोलू. ब्लँकेट चांगली असतात, बूट नवे असतात. नव्या लेकरांना मापाचे मिळत नाहीत एवढंच. बदलून आणावे लागतात.

रस्त्यावर मालवाहू ऑटो थांबल्याचा आवाज आला की मी आजही हातातलं काम सोडून फाटकाकडे बघते. धानाचं पोतं उतरवायला कोणी थांबलेला असतो.

यंदा भाऊबीजेला पोरगी भंडाऱ्याच्या कॉलेजातून माझ्याकडे आली. दिवस कलल्यावर शेवटच्या एसटीनं तिची आईही आली, न सांगता. बिछायतवाल्या भावाविना ही आमची पहिलीच भाऊबीज. ज्यांना भाऊ नाही त्या बायका आमच्याकडे चंद्राला ओवाळतात. मी ताट तयार केलं. तिनं पिशवीतून स्वतःचं निरांजन काढून माझ्या ताटात माझ्या निरांजनाशेजारी ठेवलं.

बीजेचा चंद्र फार वेळ थांबत नाही. अंगणात आलो तेव्हा तो शेजारच्या आंब्यामागे उतरत होता, नखाएवढा. दूर कुठल्यातरी गावच्या मंडईतला भोंगा लागला होता.

"तुम्ही मोठ्या," ती म्हणाली. "आधी तुम्ही."

"तू आधी," मी म्हटलं.

पोरगी ओसरीवरून म्हणाली, "अवो, लवकर करा ना दोघी, बुडून राहिला तो."

पण आमच्यातल्या एकीनंही ताट वर उचललं नाही. चंद्र गेला, अंगणात अंधार झाला, तरी आम्ही तशाच फाटकाकडे तोंड करून उभ्या होतो, आणि वारा लागून वाती विझू नयेत म्हणून तिनं पदर आडवा धरला होता.